भिंतींतील फडताळ भिंतीस धक्का न लावतां कसें काढावें

शेतकऱ्याचें घर हें त्याच्या नांगर-कुळवाप्रमाणेंच शेतीचें एक साधन होय. राखून ठेवलेलें बियाणें, खरेदीखतें, सातबाराचे उतारे, देवाचीं भांडीं आणि घरांतील चार दागिने हें सर्व ज्या एका जागीं सांपडतें, ती जागा म्हणजे जुन्या घरांतील भिंतींतलें फडताळ. वाडवडिलांनीं तें मोठ्या हौसेनें करून घेतलेलें असतें. चौकट सागाची, फळ्या जाड, आणि भिंतींत असें बसविलेलें कीं तें वेगळें म्हणून दिसूंच नये.

बीड जिल्ह्यांतील जुन्या घरांतून हें फडताळ काढण्याचे प्रसंग अलीकडे वारंवार येतात. कोठें फळ्यांच्या भिंतींत गेलेल्या टोकांस वाळवी लागलेली असते. कोठें भावाभावांत वाटणी होऊन फडताळ ज्या भिंतींत आहे तीच भिंत मधली ठरते. कोठें लोखंडी कपाट आलें म्हणून जुनें फडताळ अडगळ वाटूं लागतें. शिवाय जुन्या सागवानी चौकटींस शहरांत गिऱ्हाईक मिळूं लागल्यापासून लांकडाचा व्यापारी दारीं येतो, पैसे मोजतो, आणि त्याचे मजूर पहार घालून तासाभरांत चौकट उपटून नेतात. चौकट जाते, भगदाड राहतें. मृगाच्या पावसांत त्या भगदाडावरची माती ओघळूं लागते आणि श्रावणांत भिंतीला पोट येतें. मग चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला या न्यायानें, मिळालेल्या पैशांच्या कित्येक पट रक्कम भिंत सावरण्यांत जाते. एवढ्यावर निभावलें तरी बरें म्हणावयाचें. कारण भिंत रात्रीं खचली तर तिच्याखालीं माणसें निजलेलीं असतात.

म्हणून हा विषय दिसण्यांत लहान असला तरी त्याचा विचार नीट केला पाहिजे. सर्व सांगण्याचें सार एकच आहे: फडताळ भिंतीला लावलेलें नसतें, तर भिंत फडताळाभोंवतीं रचलेली असते. याकरितां ‘हें कसें उपटावें’ असा प्रश्न न करतां ‘याच्यावर काय विसावलेलें आहे’ असा प्रश्न आधीं करावा, आणि त्याचें उत्तर मिळाल्याखेरीज हत्यार हातीं धरूं नये.

भिंतीची रचना

काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची, ही आपल्याकडील जुनी विभागणी आहे. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें आकसून भेगाळते, म्हणून ती पिकास उत्तम असली तरी भिंतीस व माळवदास वाईट. पांढरीची माती तशी फुगत नाहीं, म्हणून घराच्या कामास तीच घेत. बालाघाटाच्या बाजूस काळा दगड विपुल असल्यामुळें तिकडील भिंती दगड-मातीच्या. गोदाकांठच्या बाजूस दगड कमी, म्हणून तिकडे मातीच्या व कच्च्या विटांच्या भिंती अधिक दिसतात.

दगड-मातीची भिंत बाहेरून एकसंध दिसत असली तरी ती तशी नसते. तिला दोन पदर असतात. बाहेरचा पदर दगडाचा, आंतला दगडाचा किंवा कच्च्या विटांचा, आणि दोहोंच्या मध्यें दगडगोटे व माती यांची भर. हे दोन पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड गवंड्यानें ठिकठिकाणीं घातलेले असतील तरच ती एक भिंत. नसतील तर त्या पाठीस पाठ लावून उभ्या राहिलेल्या दोन पातळ भिंती होत.

अशा भिंतींत फडताळ बसवितांना आंतला पदर व मधली भर त्या जागीं सोडून देतात. फडताळाच्या मागें उरतो तो केवळ बाहेरचा पदर. दोन हात जाडीच्या भिंतींत एक हात खोल फडताळ असेल, तर तेवढ्या जागेंत भिंत निम्मीच आहे असें समजावें. फडताळाच्या वरचा आंतला पदर मात्र अधांतरीं राहूं शकत नाहीं. तो माथ्यावरील आडव्या लांकडावर किंवा लांब दगडावर टेकलेला असतो. पुष्कळ फडताळांत हा माथा वेगळा असून चौकट त्याच्याखालीं सरकवून बसविलेली असते. कांहींत मात्र चौकटीचें वरचें लांकूडच माथ्याचें काम करीत असतें. हा भेद ओळखणें हें या कामांतील पहिलें मर्म होय.

आतां वरील भार किती असतो तें पाहूं. माळवदावर एक हात रुंद, एक हात लांब जागा दिसावयास लहान. पण दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीवर एक फूट जाडीचा मातीचा थर धरिला, तर ती माती १०० घनफूट होते आणि तिचें वजन सुमारें साडेचार टन भरतें. पाऊस मुरला कीं तें आणखी वाढतें. दरवर्षीं गळती थांबविण्यासाठीं वर नवी माती टाकीत गेल्यानें कित्येक माळवदें एका फुटाहून पुष्कळ जाड झालेलीं आहेत. हा भार बहुतेक ठिकाणीं खांबांवर व तुळयांवर असतो, परंतु कड्यांचीं टोकें भिंतींत शिरलेलीं असतील, तर तो भिंतीवरही येतो.

किल्लारीचा धडा

अशी भिंत किती दगा देते हें आपल्या शेजारच्या जिल्ह्यांनीं भोगलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे, गणपतीच्या विसर्जनाची रात्र संपत असतांना, लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आठ-दहा हजार माणसें गेलीं. जीं घरें पडलीं त्यांतील असंख्य घरें आपल्या घरांसारखींच होतीं: जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद. पाहणी करणाऱ्यांस आढळलें कीं, लांकडी खांब कित्येक ठिकाणीं उभेच राहिले. पदर सुटून कोसळल्या त्या भिंती. जाडी म्हणजे मजबुती नव्हे हें त्या पहाटेनें दाखविलें.

दगडी भिंतींविषयीं भारतीय मानक ब्यूरोचें १९९३ सालचें १३८२८ क्रमांकाचें मानक आहे. त्यांत भिंतीच्या दर दोन फूट उंचीस, आडव्या अंगानें चार फुटांहून अधिक अंतर न ठेवतां, आरपार दगड घालावे असें सांगितलें आहे. आणि भिंतीची जाडी दीड फुटाहून अधिक नसावी असेंही म्हटलें आहे. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींत असे बांध मागाहून घालण्याची रीत प्रचारांत आली. त्यासाठीं भिंतींत आरपार भोंक पाडून, त्यांत लोखंडी सळई ठेवून तें काँक्रीटनें भरतात. हें भोंक पाडतांना घण मारीत नाहींत. दगडाभोंवतालची माती बारीक सळईनें उकरून काढतात, दगड मोकळा झाला म्हणजे त्यास डावीउजवीकडे अलगद हालवितात, आणि मग तो बाहेर ओढून घेतात, म्हणजे शेजारच्या दगडास कळतही नाहीं. एका वेळीं थोडींच भोंकें पाडतात व तीं भरल्यावर पुढचीं घेतात.

फडताळ काढण्याची सर्व कृति या एका रीतींत सामावलेली आहे. ठोकावयाचें नाहीं, उकरावयाचें. उपटावयाचें नाहीं, सैल करावयाचें. आणि जें मोकळें केलें तें उघडें ठेवावयाचें नाहीं.

काम सुरू करण्यापूर्वींची परीक्षा

पहिली परीक्षा वरची. फडताळाच्या बरोबर वर कड्यांचीं किंवा तुळईचें टोक भिंतींत शिरलें आहे काय तें पाहावें. वरच्या मजल्याची भिंत त्यावर आहे काय तेंही पाहावें.

दुसरी परीक्षा माथ्याची. चौकटीच्या वरचा गिलावा चार बोटें रुंद असा चाकूनें खरवडावा. चौकटीच्या वर दुसरें आडवें लांकूड किंवा लांब दगड दिसला, आणि तो दोन्ही बाजूंस निदान वीतभर भिंतींत गेलेला असला, तर माथा वेगळा आहे. तसें कांहीं न दिसतां एकदम लहान दगड-माती लागली, तर चौकटीनेंच भार धरला आहे असें समजावें.

तिसरी परीक्षा पाठीची. घराबाहेर जाऊन फडताळाच्या मागची बाजू पाहावी. ओळंबा सोडून पोट आलें आहे काय तें तपासावें. लांकडी मोगरीनें हलकें ठोकून आवाज ऐकावा. पोकळ आवाज आला तर पदर भरीपासून सुटलेला आहे.

चौथी परीक्षा भेगांची. असलेल्या प्रत्येक भेगेवर कागदाची पट्टी खळीनें आडवी चिकटवून तीवर तारीख लिहावी. पंधरा दिवसांत पट्टी फाटली, तर भिंत अजून चालत आहे. तिला आधीं थांबविलें पाहिजे.

पांचवी परीक्षा ओलीची व विजेची. भिंत खालून ओलसर असेल तर काम पुढें ढकलावें, कारण ओली माती दगडास धरून ठेवीत नाहीं. फडताळाजवळून विजेची तार गेली असेल तर मुख्य बटण बंद करूनच हात घालावा.

पोट आलेली भिंत, फाटलेली पट्टी, कोपऱ्यापासून दोन हातांच्या आंत असलेलें फडताळ, किंवा बरोबर वर टेकलेली तुळई, यांपैकीं एकही गोष्ट आढळल्यास जाणत्या गवंड्यास व शक्य तर अभियंत्यास दाखविल्यावांचून पुढें जाऊं नये. अशा ठिकाणीं फडताळ राहूं देणें हाही एक शहाणपणाचाच निर्णय होय.

काळ आणि साधनें

माघापासून चैत्रापर्यंतचा काळ या कामास उत्तम. भिंत कोरडी असते, शेतांतील गर्दी सरलेली असते, आणि भरलेल्या मातीस वाळावयास मृगापूर्वीं दोन-तीन महिने मिळतात. काम सकाळीं सुरू करावें, म्हणजे उघडलेली जागा त्याच दिवशीं दिवसाउजेडीं भरून होते.

साधनें साधींच लागतात: बारीक दांत्यांची करवत, लोखंड कापण्याचें पातें, चपटी छिन्नी, बोटाएवढी लोखंडी सळई, हलका हातोडा, लांकडी मोगरी, बाभळीच्या पाचरा, दोन मजबूत टेकू व त्यांच्या वरखालीं ठेवण्यास फळ्या, ओळंबा, चाळणी व पाणी. पहार, घण व टिकाव हीं तीन हत्यारें त्या दिवशीं गोठ्यांत ठेवून कुलूप लावावें. मालक जवळ नसतांना मजुराच्या हातीं पहार पडली कीं वरील सर्व काळजी फुकट जाते.

भरण्याची माती मात्र आठ दिवस आधीं भिजत घालावी लागते. तिचें वर्णन पुढें येईल.

काढण्याची कृति

फडताळ रिकामें करून आधीं त्याचीं दारें उतरवावीं. जुने स्क्रू गंजलेले असल्यास त्यांस आदल्या रात्रीं तेल सोडावें. आंत हात घालतांना चामडी मोजे घालावे. फळीच्या मागच्या फटींत विंचू असतो. लाल विंचू चावला तर मंत्र-तंत्रांत व घरगुती उपायांत वेळ न दवडतां तडक दवाखाना गांठावा.

वर कड्या असतील तर त्यांच्याखालीं भिंतीपासून हातभर अंतरावर आडवी फळी धरून दोन टेकू द्यावे. टेकूच्या खालीं पाचरा ठोकाव्या, पण त्या कड्या उचलण्याइतक्या नव्हेत. टेकू हातानें हालणार नाहीं इतपत घट्ट झाला म्हणजे पुरे. त्यापेक्षां अधिक ठोकल्यास वरची माती हालते व नवी भेग आपणच पाडल्यासारखें होतें.

नंतर चौकटीच्या सभोंवार दोन बोटें अंतर सोडून चाकूनें गिलाव्यावर खोल रेघ पाडावी. या रेघेमुळें आंतला गिलावा निघतांना बाहेरचा पोपडा ओढून नेत नाहीं. भिंतीचें रूप बिघडतें तें बहुधा या एका रेघेच्या आळसामुळें.

आतां फळ्या. फळीचीं दोन्ही टोकें भिंतीच्या खोबणींत असतात, म्हणून ती सरळ पुढें ओढून येत नाहीं. आणि जो ओढूं जातो तो खोबणीचे कांठ फोडतो. सुतारानें ती कशी घातली असेल याचा विचार करावा. बहुधा एका बाजूची खोबण खोल ठेवून फळी तींत सरकविलेली असते, व मग दुसरें टोक समोरच्या खोबणींत आणलेलें असतें. फळीच्या वरच्या फटींतून बारीक तार घालून दोन्ही खोबणींची खोली मापावी. एकीकडे तार अधिक आंत गेली, तर फळीवरची माती सळईनें उकरून, मोगरीच्या हलक्या ठोक्यांनीं फळी त्या बाजूस सरकवावी. दुसरें टोक मोकळें होतें व फळी अखंड हातीं येते. दोन्ही खोबणी सारख्याच निघाल्या, तर मोह सोडून फळी मधोमध करवतीनें कापावी, आणि प्रत्येक तुकडा खोबणीच्या रेषेंत, किंचित वरखालीं हालवीत, आंतून बाहेर ओढावा. एका फळीचे दोन तुकडे झाले तर त्यांची पेटी होते; भिंतीचे दोन तुकडे झाले तर त्यांचें कांहीं होत नाहीं.

फळ्या वरून खालीं अशा क्रमानें काढाव्या. प्रत्येक फळी निघाली कीं तिची खोबण तात्पुरती दगडाच्या चिपांनीं व घट्ट चिखलानें भरून घ्यावी.

शेवटीं चौकट. माथा वेगळा असेल तर चौकट व भिंत यांमधील फटींतून लोखंड कापण्याचें पातें घालून भिंतींत गेलेले खिळे व पट्ट्या कापाव्या. त्या ओढूं नयेत. उभीं लांकडें मधोमध तिरपीं कापावीं, म्हणजे वरचा भाग खालच्या भागावरून घसरून सहज सुटतो. मग वरचें आडवें लांकूड, आणि सर्वांत शेवटीं खालचा उंबरा. त्यांचीं भिंतींत शिरलेलीं टोकें घट्ट असतील व त्यांस वाळवी नसेल, तर तीं भिंतीलगत कापून आंतच राहूं द्यावीं. वाळवी असेल तर मात्र तीं पूर्ण काढलींच पाहिजेत, नाहींतर तेंच लांकूड वाळवीस पुढच्या चौकटीची वाट दाखवितें.

चौकटीचें वरचें लांकूडच माथा असेल, तर तें मुळींच काढूं नये. उभीं लांकडें व फळ्या काढाव्या, वरचें लांकूड जागीं ठेवावें, आणि तें टेकूवर असतांनाच त्याच्याखालीं भरणी करावी.

भरणी

फडताळाची जागा तशीच कोनाडा म्हणून ठेवावयाची असेल, तर तिचे कांठ सारवून घ्यावे व माथ्यास हात लावूं नये. परंतु ती बुजवून भिंत सारखी करावयाची असेल, तर पुढील रीतीनें करावें.

माती त्याच भिंतींतून निघालेली, चाळलेली, हीच उत्तम. कमी पडल्यास पांढरीची घ्यावी. तींत गव्हाचा भुसा मिसळून ती आठ दिवस भिजत ठेवावी व रोज तुडवावी. वापरण्यापूर्वीं तिची एक विटेएवढी वडी करून सावलींत वाळवावी. वडीला भेगा पडल्या तर त्या मातींत वाळू किंवा बारीक मुरूम घालावा, आणि भेगा पडेनाशा होईपर्यंत प्रमाण वाढवावें. हिचा चिखल शक्य तितका घट्ट वापरावा, कारण जितकें पाणी अधिक तितकी माती वाळल्यावर आकसते.

जुन्या भिंतीचे कांठ पाण्यानें किंचित ओले करावे. दगड लावतांना त्यांची लांबी भिंतीच्या आंतल्या बाजूस जाईल असे लावावे, चेहरा मोठा दिसावा म्हणून आडवे उभे करूं नयेत. दोन्ही बाजूंस जुन्या भिंतीच्या दगडांत नवे दगड दांत्यांत दांते बसावेत तसे गुंतवावे. दर दोन फूट उंचीस एक लांब दगड मागच्या बाहेरील पदरापर्यंत पोंचेल असा घालावा. एवढा लांब दगड न मिळाल्यास दोन दगड एकमेकांवर चढवून घालावे. असें केल्यास जी जागा आजवर भिंतीची सर्वांत दुबळी जागा होती तीच तिचा बांध होते. हा या कामाचा मोठा लाभ होय.

अगदीं वरचीं दोन बोटें जागा मोकळी सोडावी. तीन-चार दिवसांत खालची भरणी वाळून थोडी खालीं बसते. तिचें बसणें संपलें म्हणजे त्या फटींत घट्ट चिखल व दगडाच्या चपट्या चिपा मोगरीनें ठोकून गच्च भराव्या. ही शेवटची भरती झाल्याखेरीज वरचा भार नव्या कामावर येतच नाहीं. भरणी नुसती शोभेची राहते, आणि टेकू काढतांच वरचा पदर बोटभर खालीं येऊन भेग देतो. टेकू यानंतरही तीन आठवडे ठेवावे व एकेक करून पाचर सैल करीत काढावे.

गिलाव्यास सिमेंट वापरूं नये. मातीची भिंत ओल घेते व सोडते. तिच्यावर सिमेंटचा पोपडा बसला कीं ओल आंत कोंडते, मागची माती भुसभुशीत होते आणि एके दिवशीं सिमेंटचा सबंध पत्राच सुटून पडतो. पहिला थर त्याच मातीचा द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा पातळ थर बारीक चाळलेल्या मातीचा, दहा घमेल्यांस एक घमेलें विझविलेला चुना घालून द्यावा, आणि तो कांहीं दिवस ओल्या गोणपाटानें दमट ठेवावा.

नवीन घरांतील फरशीचीं फडताळें

पक्क्या विटांच्या व सिमेंटच्या घरांतून लांकडी फळ्यांच्या ऐवजीं शहाबादी किंवा कडप्पा फरशी घातलेली असते. कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबादची फरशी मराठवाड्यांत फार दिवसांपासून येते. ती तीन बाजूंनीं भिंतींत बसविलेली असते व वाटते त्याहून जड असते. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड इंच जाड फरशीचें वजन सुमारें ५५ किलो भरतें. म्हणून ती एकट्यानें काढूं नये.

फरशीच्या खालीं पेट्या रचून तिला आधार द्यावा. मग फरशीच्या वरखालील सिमेंटचा सांधा बारीक छिन्नीनें, हलक्या ठोक्यांनीं, पुढून मागें असा उकरावा. छिन्नीचें तोंड नेहमीं फरशीकडे असावें, विटेकडे नसावें. सांधा मोकळा झाल्यावर फरशी हालली तर पुढें ओढावी. न हालल्यास मधोमध यंत्रानें रेघ पाडून तिचे दोन भाग करावे. यंत्रानें उडणारी धूळ फुप्फुसास अपायकारक असल्यामुळें नाकातोंडास चांगली पट्टी बांधावी व रेघेवर पाणी सोडीत जावें. साडेचार इंची भिंतींत खोबणीच्या मागें विटेची कडच काय ती उरते. अशा वेळीं दुसऱ्या खोलींत एक माणूस उभा करून त्यानें भिंतीस हात लावून ठेवावा, आणि हादरा जाणवतांच थांबण्यास सांगावें. या भिंतीची खोबण सिमेंटनें भरण्यास हरकत नाहीं, कारण भिंतच सिमेंटची आहे. जशी भिंत तशी भरणी, हाच येथेंही नियम होय.

फळी काँक्रीटची असून तिच्या सळया माथ्याच्या बीममधून आलेल्या असतील, तर तें फडताळ नव्हे, इमारतीचें अंग आहे. तें अभियंत्याच्या सल्ल्यावांचून तोडूं नये.

काढलेल्या वस्तूंचा उपयोग

निघालेल्या फरशा बियाण्याच्या पोत्यांच्या थप्पीखालीं घातल्यास जमिनीची ओल वर चढत नाहीं. सागवानी फळ्यांची टोकें हातभर तासून, वाळवीचा भाग जाळून, उरलेल्या लांकडाची चार पायांची मांडणी करावी. ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, म्हणजे वाळवी चढूं लागली तर तिचा मातीचा पट्टा डोळ्यांस दिसतो. भिंतींतल्या फडताळांत तो दिसत नाहीं, हाच त्याचा मुख्य दोष होता.

भरणीच्या दोन्ही कडांवर कागदाच्या पट्ट्या पुन्हां चिकटवून तारीख घालावी, आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत त्या काढूं नयेत. दसऱ्यास पट्ट्या अखंड सांपडल्या, म्हणजे काम साधलें. ज्यानें बांध घालतांना पाण्याची वाट आधीं पाहिली त्याचा बांध फुटत नाहीं. भिंतीचेंही तसेंच आहे. भार कोठून येतो व कोठें जातो हें जो आधीं पाहतो, त्यास भिंतींतून फडताळच काय, एखादें दार काढणेंही अवघड नाहीं.